घोडदळाचे सेनापती : आंद्राश हादिक

लढाया जिंकणारे सेनापती इतिहासात पुष्कळ झाले. परंतु जिंकता येण्यासारखे किती आहे आणि कोणत्या क्षणी मागे फिरायचे आहे, हे अचूक ओळखणारे सेनापती थोडेच झाले. अठराव्या शतकातील हंगेरीचे सरदार आंद्राश हादिक हे त्या थोड्यांपैकी एक होते. शत्रूच्या राजधानीच्या वेशीत शिरून, खंडणी वसूल करून, एका दिवसात तेथून सुखरूप बाहेर पडण्याचा पराक्रम त्यांनी केला. हा पराक्रम हंगेरीत आजही आवडीने सांगितला जातो. मात्र या एका दिवसापुरतेच हादिक यांचे जीवन मर्यादित नव्हते. एका सामान्य सैनिकी घराण्यातील मुलगा साम्राज्याच्या सर्वोच्च लष्करी पदापर्यंत कसा पोहोचला, आणि तलवारीइतकाच विवेकाचा वापर त्याने कसा केला, हे त्यांच्या चरित्रातून कळते.

काळ आणि कुळ

आंद्राश हादिक यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७१० रोजी त्या काळच्या हंगेरी राज्यात झाला. हंगेरियन लोक आपले आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. त्यामुळे त्यांच्या देशात ते 'हादिक आंद्राश' या नावाने ओळखले जातात. त्यांचे घराणे उमरावांचे असले तरी श्रीमंत नव्हते. मोठी जहागीर नव्हती, दरबारात वजन नव्हते. वडील मिहाय हादिक हे घोडदळात कप्तान होते. घरात प्रतिष्ठा होती ती तलवारीची.

त्या वेळी हंगेरी हे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. व्हिएन्ना येथून राज्य करणारे हाब्सबुर्ग घराण्याचे सम्राट हेच हंगेरीचे राजे होते. त्यांच्याविरुद्ध फेरेन्त्स राकोत्सी या सरदाराच्या नेतृत्वाखाली हंगेरियनांनी मोठा उठाव केला होता. तो आठ वर्षे चालला आणि १७११ मध्ये तह होऊन संपला. हादिक यांचा जन्म या उठावाच्या अखेरच्या काळातला. उठाव शमला, तरी व्हिएन्नाच्या दरबारात हंगेरियनांविषयीचा संशय शमला नव्हता. हे लोक शूर आहेत हे सर्वांना मान्य होते. पण ते विश्वासू आहेत काय, हा प्रश्न दरबारी मंडळींच्या मनात कायम होता. हादिक यांच्या पिढीतील प्रत्येक हंगेरियन अधिकाऱ्याला आपल्या कर्तृत्वाने या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले.

बालपणी आंद्राश यांचे शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली झाले. लॅटिन ही त्या काळी हंगेरीत राज्यकारभाराची आणि विद्येची भाषा होती. ती त्यांनी चांगली आत्मसात केली. त्यांचा ओढा प्रथम विद्येकडे होता. परंतु अखेर घराण्याची परंपराच प्रबळ ठरली. १७३२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते हुसार पलटणीत अगदी खालच्या दर्जाचे अधिकारी म्हणून दाखल झाले.

हुसार म्हणजे कोण?

हुसार हे हंगेरीचे हलके घोडदळ. युरोपातील इतर घोडदळांत धिप्पाड घोड्यांवर बसलेले, छातीवर पोलादी कवच घातलेले स्वार असत. ते एका रांगेत शत्रूवर चालून जात आणि आपल्या वजनाने त्याची फळी फोडत. हुसारांची रीत निराळी होती. त्यांचे घोडे लहान, काटक आणि चपळ असत. अंगात कवच नसे. हातात वक्र तलवार आणि जवळ आखूड बंदूक एवढीच त्यांची सामग्री. अंगात गोंडे-बटणांनी सजवलेला आखूड डगला आणि एका खांद्यावर टाकलेला फरचा दुसरा डगला, हा त्यांचा वेष पुढे साऱ्या युरोपातील सैन्यांनी उचलला.

समोरासमोरच्या मोठ्या लढाईत शत्रूची फळी फोडणे हे हुसारांचे मुख्य काम नव्हते. शत्रूच्या हालचालींची बातमी काढणे, त्याची रसद तोडणे, मागे पडलेल्या तुकड्यांवर छापे घालणे, आपल्या सैन्याच्या हालचाली झाकणे आणि पराभूत शत्रूचा पाठलाग करणे, ही कामे त्यांच्याकडे असत. हंगेरीने तुर्कांशी दीड-दोन शतके सरहद्दीवर जो झगडा केला, त्यात ही युद्धपद्धती घडली होती. अशा सैन्यात नुसते धाडस उपयोगाचे नसे. वाटा, नद्यांचे उतार, चाऱ्याची ठिकाणे, माणसाची आणि घोड्याची ताकद या साऱ्यांचा हिशेब अधिकाऱ्याच्या डोक्यात पक्का असावा लागे. हादिक यांना हा हिशेब उत्तम जमत असे.

१७३७ ते १७३९ या काळात ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध झाले. त्यात हादिक यांनी भाग घेतला. या युद्धाचा शेवट ऑस्ट्रियाच्या मानहानीत झाला. डॅन्यूब नदीवरचा बेलग्रेडचा बळकट किल्ला तहात तुर्कांना द्यावा लागला. तरुण हादिक यांनी लष्करी जीवनाच्या आरंभीच असा पराभव पाहिला. बेलग्रेडचे हे नाव त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा, अगदी अखेरीस, येणार होते.

राणीच्या संकटकाळी

ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट सहावे चार्ल्स मरण पावले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांची तेवीस वर्षांची कन्या मारिया थेरेसा गादीवर आली. स्त्रीच्या हाती राज्य आलेले पाहून शेजारच्या राजांना संधी मिळाली असे वाटले. प्रशियाचा तरुण राजा दुसरा फ्रेडरिक याने डिसेंबर १७४० मध्ये सायलेशिया या सुपीक प्रांतावर चाल करून तो बळकावला. पाठोपाठ बव्हेरिया आणि फ्रान्सही युद्धात उतरले.

या संकटात राणीने १७४१ च्या सप्टेंबर महिन्यात हंगेरियन सरदारांच्या सभेकडे मदत मागितली. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांनी हाब्सबुर्गांविरुद्ध शस्त्र उचलले होते, त्याच सरदारांनी राणीसाठी प्राण देण्याची शपथ घेतली. हंगेरीतून नव्या पलटणी उभ्या राहिल्या. हादिक यांच्या बढतीचा मार्ग याच युद्धात मोकळा झाला. सायलेशियातील मोहिमांत त्यांनी आपल्या हुसारांसह प्रशियन सैन्याला वारंवार हैराण केले. दरबारात कोणाचा वशिला नसताना केवळ रणांगणावरील कामगिरीच्या बळावर ते एकेक पायरी चढत गेले आणि १७४७ मध्ये जनरलच्या हुद्द्यावर पोहोचले. त्याच वर्षी लिख्नोव्स्की या सरदार घराण्यातील फ्रांत्सिस्का हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

१७४८ मध्ये तह झाला. मारिया थेरेसा यांची गादी टिकली, पण सायलेशिया प्रशियाकडेच राहिला. हा प्रांत परत मिळवल्याशिवाय स्वस्थ बसायचे नाही, असा राणीचा निश्चय होता. पुढची आठ वर्षे व्हिएन्नामध्ये सैन्याची सुधारणा आणि नव्या मित्रांची जुळवाजुळव चालू होती.

बर्लिनवरील छापा

ऑगस्ट १७५६ मध्ये फ्रेडरिकने सॅक्सनीवर अचानक हल्ला केला आणि इतिहासात सप्तवार्षिक युद्ध म्हणून ओळखला जाणारा संघर्ष सुरू झाला. १८ जून १७५७ रोजी बोहेमियातील कोलीन येथे ऑस्ट्रियाचे सेनापती डाउन यांनी फ्रेडरिकचा पराभव केला. त्यामुळे त्याला प्रागचा वेढा उठवावा लागला. त्या शरद ऋतूत फ्रेडरिकवर चहूकडून संकट आले होते. पश्चिमेकडून फ्रेंच सैन्य येत होते. त्याला तोंड देण्यासाठी तो आपल्या फौजेसह दूर थुरिंजियात गेला. दुसरी प्रशियन फौज सायलेशियाच्या रक्षणात अडकली होती. या दोन फौजांच्या मधला प्रदेश जवळजवळ मोकळा होता आणि त्या मोकळ्या प्रदेशाच्या टोकाला प्रशियाची राजधानी बर्लिन उभी होती.

ऑस्ट्रियाच्या सेनाधिकाऱ्यांनी ही फट हेरली. तिच्यातून बर्लिनवर छापा घालण्याची कामगिरी हादिक यांच्याकडे आली. शहर जिंकून ताब्यात ठेवणे शक्य नव्हते आणि तो हेतूही नव्हता. राजधानीला धक्का देऊन खंडणी घ्यायची आणि फ्रेडरिकला आपल्या सैन्याचा काही भाग माघारी पाठवण्यास भाग पाडायचे, हा या मोहिमेचा उद्देश होता.

हादिक यांच्याजवळ सुमारे पाच हजार माणसे होती. त्यांत हुसारांबरोबर इतर घोडदळ, सरहद्दीवरचे पायदळ आणि थोड्या तोफा होत्या. ११ ऑक्टोबर १७५७ रोजी त्यांनी एल्स्टरव्हेर्डा या गावाहून कूच केले. तेथून बर्लिन सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास होते. हादिक यांची सावधगिरी येथेच दिसून येते. सगळे सैन्य पुढे नेण्याऐवजी त्यांनी वाटेवरच्या मोक्याच्या जागी काही तुकड्या ठेवल्या. परतीचा मार्ग सुरक्षित राहावा, हा त्यामागचा विचार होता. पुढे जाण्याआधी मागे कसे यायचे, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

१६ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी, हादिक बर्लिनच्या आग्नेयेकडील वेशीसमोर उभे राहिले. लाखभर वस्तीच्या या शहरात सैन्य होते, पण ते कसलेले नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, आलेला शत्रू किती मोठा आहे हे शहराच्या सेनाधिकाऱ्याला ठाऊक नव्हते. हादिक यांनी ते कळूही दिले नाही. त्यांनी निरोप्यामार्फत खंडणीची मागणी केली. नगरसभेने वेळकाढूपणा केला. वेळ गेला तर आपले खरे बळ उघड होईल आणि प्रशियन मदतही येऊन पोहोचेल, हे हादिक जाणून होते. त्यांनी तोफा डागून वेशीचा दरवाजा फोडला. त्यांचे पायदळ आणि स्वार उपनगरात घुसले आणि समोर आलेल्या प्रशियन तुकड्यांना त्यांनी मागे रेटले.

शहराच्या सेनाधिकाऱ्याचा समज झाला, की ही मोठ्या ऑस्ट्रियन सैन्याची केवळ आघाडीची तुकडी आहे. राजघराण्यातील मंडळींना घेऊन तो जवळच्या स्पांडाउ किल्ल्यात निघून गेला. आता नगरसभेपुढे वाटाघाटीशिवाय मार्ग उरला नाही. अखेर सुमारे दोन लाख थालर एवढी खंडणी आणि त्याशिवाय सैनिकांसाठी वेगळी रक्कम देण्याचे ठरले. थालर हे त्या काळच्या जर्मन प्रदेशातील चांदीचे मोठे नाणे होते.

या प्रसंगी हादिक यांची खरी परीक्षा होती. शत्रूची राजधानी समोर उघडी पडली होती. सैनिक थकलेले असले तरी विजयाने उत्तेजित झाले होते. अशा वेळी सैन्य शहरात मोकाट सोडणारे सेनापती त्या काळात कमी नव्हते. हादिक यांनी तसे केले नाही. शहराच्या मुख्य भागात त्यांनी सैन्याला शिरू दिले नाही. यात माणुसकी होती, तशीच व्यवहारबुद्धीही होती. लुटीसाठी गल्लोगल्ली पांगलेले सैन्य पुन्हा गोळा करण्यास वेळ लागतो आणि हादिक यांच्याजवळ वेळ नव्हता. प्रशियन सेनापती मोरित्झ मदतीसाठी धावत येत असल्याची बातमी त्यांना होती. खंडणी हाती येताच त्यांनी त्याच रात्री परतीची वाट धरली. मोरित्झ यांचे सैन्य बर्लिनला पोहोचले, तेव्हा हुसार केव्हाच दूर गेले होते. मागे ठेवलेल्या तुकड्यांना बरोबर घेत हादिक फारच थोडी हानी सोसून आपल्या मुख्य सैन्याकडे परतले.

या मोहिमेविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. हादिक यांनी खंडणीबरोबर मारिया थेरेसा यांना भेट देण्यासाठी दोन डझन उंची हातमोजे मागितले. बर्लिनकरांनी ते सुबक पेटीत घालून दिले. व्हिएन्नात पेटी उघडली तेव्हा सगळेच हातमोजे डाव्या हाताचे निघाले, असे सांगतात. ही गोष्ट घडली असो वा नसो. पराभूत शहरानेही आपला विनोद सोडला नाही, असे तिच्यातून सुचवले जाते. म्हणूनच ती दोन्ही बाजूंच्या लोकांना आवडली असावी.

विजयाचे मोजमाप

राणीने हादिक यांचा मोठा गौरव केला. कोलीनच्या विजयानंतर तिने स्वतःच्या नावाने एक लष्करी सन्मान सुरू केला होता. त्या सन्मानाचा सर्वोच्च दर्जा हादिक यांना मिळाला. १७५८ मध्ये ते घोडदळाचे जनरल झाले.

तथापि, बर्लिनच्या छाप्याने युद्धाचा निकाल बदलला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. छाप्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ नोव्हेंबर रोजी, फ्रेडरिकने रोसबाख येथे फ्रेंच सैन्याचा धुव्वा उडवला. बरोबर एका महिन्याने, ५ डिसेंबरला, लॉयटेन येथे त्याने ऑस्ट्रियाच्या मुख्य सैन्याचाही मोठा पराभव केला. ऑक्टोबर १७६० मध्ये रशियन आणि ऑस्ट्रियन सैन्यांनी मिळून बर्लिन पुन्हा घेतले. परंतु त्यांनाही ते काही दिवसांत सोडावे लागले. हादिक यांनी आपल्या हाती असलेले काम चोख केले होते. परंतु एका सेनापतीचे यश म्हणजे राष्ट्राचे यश नव्हे.

युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १७६२ मध्ये, सॅक्सनीतील सैन्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांच्या अधिकाराखालील सैन्याच्या एका भागाचा २९ ऑक्टोबर रोजी फ्रायबेर्ग येथे प्रशियाच्या राजपुत्र हेन्रीने पराभव केला. हादिक स्वतः त्या वेळी रणांगणावर नव्हते, तरी त्या आघाडीची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या युद्धातील ती अखेरची मोठी लढाई ठरली. फेब्रुवारी १७६३ मध्ये तह झाला आणि सायलेशिया कायमचा प्रशियाकडे गेला. सात वर्षांच्या रक्तपातानंतर सरहद्दी जेथे होत्या तेथेच राहिल्या. त्याच वर्षी हादिक यांना काउंट ही मोठी पदवी मिळाली. गरीब कप्तानाच्या मुलाची गणना आता मोठ्या सरदारांत होऊ लागली.

तलवारीनंतरचे काम

शांततेच्या काळात हादिक यांच्याकडे एक अवघड कामगिरी आली. १७६४ मध्ये त्यांची नेमणूक ट्रान्सिल्व्हेनिया या पूर्वेकडील डोंगराळ प्रांतात झाली. तेथे सेकेय नावाचे हंगेरियन भाषा बोलणारे लोक राहत. सरहद्दीचे रक्षण स्वखुशीने करावे आणि त्याबदल्यात करांतून मुक्त असावे, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. व्हिएन्ना सरकारने त्यांच्यावर सक्तीची सरहद्द-पलटण लादली. लोकांनी विरोध केला. तेव्हा ७ जानेवारी १७६४ रोजी पहाटेच्या अंधारात शाही सैन्याने मादेफाल्व्हा या गावी जमलेल्या सेकेय लोकांवर तोफा चालवल्या. सुमारे दोनशे माणसे मारली गेली. हजारो लोक घरेदारे सोडून कार्पेथियन पर्वत ओलांडून मोल्डाव्हियात पळाले.

हा हत्याकांडाचा प्रकार हादिक यांच्या आगमनापूर्वी घडला होता. पण त्याची जखम ताजी असतानाच प्रांताची जबाबदारी त्यांच्यावर आली. ज्या साम्राज्याची त्यांनी आयुष्यभर सेवा केली, त्याच साम्राज्याच्या तोफा त्यांच्याच भाषेच्या लोकांवर चालल्या होत्या. तेथील कारभार पाहताना त्यांना सेकेय लोकांची स्थिती जवळून कळली.

पुढे १७७५ मध्ये बुकोव्हिना हा प्रदेश तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला. परागंदा झालेल्या सेकेयांना तेथे जमिनी देऊन वसवण्याची योजना निघाली. १७७६ ते १७८६ या दहा वर्षांत त्यांची पाच गावे वसली. तोवर हादिक व्हिएन्नामध्ये अत्यंत प्रभावी पदावर होते आणि या वसाहतीला त्यांचा पाठिंबा होता. पाच गावांपैकी एकाचे नाव हादिकफाल्व्हा आणि दुसऱ्याचे आंद्राशफाल्व्हा असे ठेवण्यात आले. हंगेरियन भाषेत 'फाल्व्हा' म्हणजे अमक्याचे गाव. शाही सैन्याच्या गोळीबारामुळे देशोधडीला लागलेल्या लोकांच्या गावांना शाही सेनापतीचे नाव मिळावे, ही साधी गोष्ट नाही. आज ही गावे रुमानियात आहेत आणि त्यांची नावे बदललेली आहेत. तेथील सेकेय १९४१ मध्ये स्थलांतरित झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीनंतर त्यांचे वंशज दक्षिण हंगेरीत स्थायिक झाले.

हादिक यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १७७२ मध्ये ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया यांनी पोलंडचे लचके तोडून आपापसांत वाटून घेतले. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेला गॅलिशिया प्रांत ताब्यात घेणाऱ्या सैन्याचे सेनापती हादिक होते. १७७४ मध्ये काही महिने त्यांनी त्या प्रांताचा कारभारही पाहिला. ते साम्राज्याचे सेवक होते आणि साम्राज्याच्या न्यायाबरोबर त्याच्या अन्यायातही त्यांचा वाटा होता.

सर्वोच्च पद आणि अखेर

१७७४ मध्ये हादिक यांना फील्डमार्शल करण्यात आले आणि त्यांच्याकडे दरबारी युद्धपरिषदेचे अध्यक्षपद सोपवण्यात आले. साम्राज्याच्या सर्व सैन्याची भरती, पगार, शस्त्रे, रसद आणि सरहद्दीची व्यवस्था या परिषदेच्या हाती असे. हंगेरियन माणसाला हे पद मिळणे ही असाधारण घटना होती. व्हिएन्नाच्या मनातील जुन्या संशयाला हादिक यांनी बेचाळीस वर्षांच्या सेवेने उत्तर दिले होते. आधी मारिया थेरेसा यांच्या आणि १७८० मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र सम्राट दुसरे जोसेफ यांच्या कारकिर्दीत, अशी मृत्यूपर्यंत सोळा वर्षे त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. जलद घोड्यावरून छापे घालणारा हुसार आता कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात बसून साम्राज्याचे सैन्य चालवत होता.

१७८८ मध्ये ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. सम्राट जोसेफ स्वतः आघाडीवर गेले, पण रोगराईने सैन्य पोखरले आणि सम्राटांचीही प्रकृती ढासळली. १७८९ मध्ये त्यांनी मुख्य सेनापतिपद हादिक यांच्याकडे दिले. त्या वेळी हादिक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. या वयात त्यांनी पुन्हा छावणीचा रस्ता धरला. तरुणपणी जे बेलग्रेड गमावले गेलेले त्यांनी पाहिले होते, तेच आता परत मिळवायचे होते. परंतु शरीराने साथ दिली नाही. ते आजारी पडले आणि सेनापतिपद लाउडॉन यांच्याकडे गेले. ८ ऑक्टोबर १७८९ रोजी लाउडॉन यांनी बेलग्रेड घेतले. हा विजय हादिक यांच्या नावावर लागला नाही.

१२ मार्च १७९० रोजी व्हिएन्ना येथे आंद्राश हादिक यांचे निधन झाले. डॅन्यूबच्या काठी फुताक येथे त्यांची जहागीर होती. तेथे त्यांनी चर्च बांधले होते आणि तेथेच त्यांना दफन करण्यात आले. हे गाव आज सर्बियात आहे. त्यांचा मुलगा कार्ल हाही सेनापती झाला. नेपोलियनविरुद्ध १८०० मध्ये मारेंगो येथे झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्या जखमांनीच मरण पावला.

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे, बुडाच्या किल्ल्याच्या परिसरात, हादिक यांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्यांचे नाव धारण करणाऱ्या तिसऱ्या हुसार पलटणीच्या स्मरणार्थ तो १९३७ मध्ये उभारण्यात आला. शिल्पकार ग्योर्ग्य व्हास्ताग यांनी घडवलेला हा स्वार आवेशाने तलवार उगारून धावत नाही. घोडा शांतपणे उभा आहे आणि स्वार सैलपणे बसलेला आहे. त्या घोड्याला हात लावला की परीक्षेत यश मिळते, असा तेथील विद्यार्थ्यांचा समज आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने पुतळ्याचे ब्राँझ काही ठिकाणी चकचकीत झाले आहे.

हादिक यांच्या आयुष्यात नशिबाचा भाग थोडा आणि तयारीचा भाग मोठा होता. बर्लिनची मोहीम फत्ते झाली, कारण तिची आखणी परतीच्या वाटेपासून सुरू झाली होती. हाती सत्ता आली तेव्हा त्यांनी सैन्याला आवर घातला आणि जखमी झालेल्या प्रांतात निराधारांची दखल घेतली. बर्लिनहून आणलेले थालर केव्हाच खर्च होऊन गेले. परागंदा माणसांनी आपल्या गावाला दिलेले नाव मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकले. सेनापतीच्या थोरवीचे मोजमाप केवळ जिंकलेल्या लढायांनी करू नये, हे त्यावरून समजते.